"जास्त झाली" म्हणायच्या आधी : पार्टीत कुणी पेयात काही मिसळलं तर?

रेवा_माहीम (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एकाच्या निरोपाची पार्टी लोअर परळच्या एका बारमध्ये होती. आमच्यातली एक मैत्रीण, वय तिशीच्या पुढे, दोन बियर पिऊन शेवटची लोकल पकडून नीट घरी जाणारी बाई. त्या दिवशी दुसरा ग्लास अर्धाही झाला नव्हता. केक कापला आणि थोड्या वेळात तिची जीभ जड झाली, नजर ठरेना, उठायला गेली तर गुडघेच गेले. बाउन्सर आला, म्हणाला, "मॅडमना जास्त झाली आहे, बाहेर न्या." शेजारच्या टेबलावरचा एक गृहस्थ, ज्याला आमच्यापैकी कुणीच ओळखत नव्हतं, दोनदा येऊन "मी त्याच बाजूला राहतो, सोडतो यांना" म्हणून गेला.

आम्ही तिघी तिला हॉस्पिटलात घेऊन गेलो. पहिला प्रश्न, "किती प्यायल्यात?" दुसरा, "घरच्यांना माहीत आहे का?" सलाईन लावली, सकाळी सोडलं. केकनंतरचं तिला काहीच आठवत नाही. तीन दिवसांनी तिने स्वतःच्या पैशाने लॅबमध्ये लघवीची ड्रग टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली. झालं, ऑफिसने निकाल दिला : रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणजे जास्तच झाली होती.

मला गावगप्पा नकोत. त्या रात्री आजूबाजूच्यांनी नेमकं काय करायला हवं होतं, ते जाणकारांनी सांगावं. ऑफिसच्या ग्रुपवर टाकायला एक टिपण करायचं आहे. ३१ डिसेंबर जवळ आलाय.

चहाटळ

वाचतोय. धागा महत्त्वाचा आहे.

ठाणेकर_१९५२

रेवाताई, आपल्या मैत्रिणीची प्रकृती आता बरी असेल अशी आशा करतो. राग मानू नये, पण रात्री अकरा-बारापर्यंत परक्या लोकांत मद्यपान करत बसायचं आणि नंतर सुरक्षिततेची चर्चा करायची, हे मला उलटं वाटतं. मुळात जाऊच नये.

वरळीची_पोर

काका, लांबच्या गाडीत चहा-बिस्किटातून गुंगी देऊन लुटल्याच्या बातम्या तुम्ही आयुष्यभर वाचल्या असतील. "अनोळखी व्यक्तीकडून खाद्यपदार्थ घेऊ नका" हे स्टेशनवर ऐकून पाठही झालं असेल. तेव्हा कुणी प्रवाशाला म्हणतं का, गावाला जाताच कशाला? तिथे चोर तो चोर आणि प्रवासी तो बिचारा. बारमध्ये मात्र आधी तिचा ग्लास मोजतात.

मीठभाकर

+१

डॉ_अनु_परळ

तातडीच्या विभागात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी तो निगेटिव्ह रिपोर्ट. तीन दिवसांनी केलेल्या साध्या तपासणीवरून "काही दिलं नव्हतं" असं म्हणता येत नाही. जीएचबी नावाचं गुंगी आणणारं द्रव रक्तातून साधारण सहा ते आठ तासांत आणि लघवीतून दहा-बारा तासांत दिसेनासं होतं. अल्प्राझोलाम किंवा त्या कुळातल्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या जास्त टिकतात, लघवीत दोन-तीन दिवस किंवा त्याहून अधिकही सापडू शकतात, पण डोस छोटा असेल तर स्वस्तातल्या पट्टीवर त्या निसटतात. लॅबमध्ये "ड्रग टेस्ट" म्हणून जे पॅनल मिळतं, ते बहुतेकदा नोकरीआधीच्या तपासणीसाठी बनवलेलं असतं. त्यात गांजा, अफूची कुळी वगैरे असतं. जीएचबी त्यात नसतं, केटामाइन बऱ्याचदा नसतं. त्यासाठी वेगळी यंत्रं लागतात, ती न्यायवैद्यक प्रयोगशाळेत असतात. मुंबईत म्हणजे कालिन्याला.

म्हणून संशय आला की पहिली लघवी वाया घालवायची नाही. हॉस्पिटलात पोहोचायला वेळ लागणार असेल तर स्वच्छ, कोरड्या, झाकणाच्या बाटलीत धरा, वर वेळ लिहा, जमल्यास फ्रिजमध्ये ठेवा. घरी धरलेला नमुना कोर्टात कितपत टिकेल हा वेगळा प्रश्न, पण नसण्यापेक्षा असलेला बरा. हॉस्पिटलात गेल्यावर स्पष्ट शब्दांत सांगा : "हिला न विचारता काहीतरी पाजल्याचा संशय आहे, केसपेपरवर तसं लिहा आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) करा." हे वाक्य बोललं नाही तर रात्री दोनला ड्युटीवरचा थकलेला निवासी डॉक्टर "दारूचा अंमल" एवढंच लिहून मोकळा होतो. मीही त्याच खुर्चीत बसलेली आहे, दोष देत नाही, पण एमएलसी झाली की रक्त-लघवीचे नमुने सील होऊन पोलिसांमार्फत जातात आणि त्या कागदाला वजन येतं.

आता दुसरी बाजू. शुद्ध हरपणाऱ्या प्रत्येकीला कुणी काही पाजलेलं नसतं. साखर उतरणं, डोक्याला मार, फिट, आधीपासून चालू असलेली एखादी गोळी आणि त्यावर दारू, हे सगळं तसंच दिसतं. म्हणूनच हॉस्पिटल. बारच्या सोफ्यावर "झोपू दे, उतरेल" हा सर्वांत वाईट सल्ला. दारू आणि अशी गोळी एकत्र आली की श्वास मंदावतो. शिवाय उताणं झोपलेलं माणूस ओकलं तर ते घशात जातं. एका कुशीवर वळवा, हनुवटी थोडी वर, एकजण सतत श्वासाकडे लक्ष ठेवून. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, बोटं घालून ओकवणं, यातलं काही नको. हाकेला ओ देत नसेल तर १०८.

मीठभाकर

डॉक्टर, पण सलाईनने अंमल उतरतो ना?

डॉ_अनु_परळ

नाही. शरीर कोरडं पडलं असेल तर ते भरून निघतं. औषध "धुऊन" काढत नाही.

सोडाबॉटल

नऊ वर्षं बारच्या आत उभा आहे. आधी परमिट रूम, आता जरा झगमगाटवालं ठिकाण. काउंटरच्या आतून कसं दिसतं ते सांगतो.

पुड्या-गोळ्या टाकणारे मी पाहिलेत, नाही असं नाही. पण त्याच्या कितीतरी पट जास्त पाहिलंय ते म्हणजे दारूतच दारू. टेबलावरचा एकजण काउंटरला येतो, हळू आवाजात म्हणतो, "त्या मॅडमच्या मोहितोत एक्स्ट्रा साठ मार, बिल माझ्यावर." किंवा ती "लाइट बनवा" सांगून गेली की मागून येऊन "लार्ज कर." तिला वाटतं तीस मिली प्यायली, गेलेत नव्वद. पुदिना, साखर, लिंबू, सोडा यांत जास्तीची दारू कळतसुद्धा नाही. करणाऱ्याला विचारलं तर म्हणेल, गंमत. आम्ही दोघं-तिघं जुने लोक असल्या ऑर्डरला सरळ नाही म्हणतो, "मॅडमना विचारून येतो" म्हटलं की गडी लगेच "राहू दे" करतो. नवीन पोरं टिपसाठी ओतून मोकळी होतात.

दुसरी गोष्ट, टेबलावरची बाटली. ग्रुप पूर्ण बाटली घेतो, पेग टेबलावरच एखादा "होस्ट" भरतो. तिथे आमचा काही कंट्रोलच नाही.

आता कामाचं. प्रत्येक ऑर्डरची चिठ्ठी निघते, आमच्याकडे तिला बीओटी म्हणतात. त्यावर वेळ, टेबल नंबर, काय आणि किती सगळं असतं. मॅडमच्या नावावर दोन बियर आणि माणूस आडवं, तर काहीतरी गडबड आहे हे त्या कागदावरूनच दिसतं. बिल फेकू नका, यूपीआयची नोंद ठेवा. आणि सीसीटीव्ही त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी मॅनेजरला लेखी मागा, मेल किंवा व्हॉट्सअॅप चालेल : अमुक वेळ, अमुक टेबल, फुटेज जपून ठेवा. ते तुम्हाला देणार नाहीत, पोलिसांनाच देतील. पण कळवलेलं असलं की "पुसलं गेलं" म्हणणं जड जातं. नाहीतर काही आठवड्यांत जुन्यावर नवीन रेकॉर्ड होतंच.

ग्लाससुद्धा. अर्धा राहिलेला ग्लास वेटर उचलून सिंकमध्ये ओततो, त्याला माहीतच नसतं. ओरडून सांगा, हा ग्लास उचलू नको.

रेवा_माहीम

सोडाबॉटल, हे सोनं आहे. बीओटी मला ठाऊकच नव्हतं. एक प्रश्न : तो शेजारच्या टेबलाचा गृहस्थ "सोडतो" म्हणत होता. समजा आम्ही तिथे नसतो आणि तो म्हणाला असता "माझ्यासोबत आहे", तर बाउन्सरने दिलं असतं का तिला त्याच्या ताब्यात?

सोडाबॉटल

खरं सांगू? बऱ्याच ठिकाणी दिलं असतं. बाउन्सरचं काम हॉल रिकामा ठेवणं. दीडला दारू बंद, त्याच्या आधी सगळ्यांना बाहेर काढायची घाई. काळी-पिवळी थांबवायची, बसवायचं, दरवाजा लावायचा. आमच्या इथे आता एक नियम केलाय, शुद्धीत नसलेल्या माणसाला नेणाऱ्याचा फोन नंबर आणि गाडीचा नंबर लिहायचा, आणि तिच्या फोनवरून घरच्या कुणालातरी लावायचा. नेणाऱ्याला तिचं पूर्ण नाव विचारायचं. अर्धे तिथेच गळतात.

कोर्टकचेरी

वकिलाला उशिरा बोलावलंत, नेहमीप्रमाणे.

भारतीय न्याय संहितेचं कलम १२३. दुखापत करण्याच्या, किंवा एखादा गुन्हा करण्याच्या वा सोपा करण्याच्या हेतूने, किंवा दुखापत होण्याची शक्यता आहे हे माहीत असताना, कुणालाही विष, गुंगीचा, मादक किंवा अपायकारक पदार्थ देणं. शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड. १ जुलै २०२४ च्या आधीची घटना असेल तर जुनं भादंवि ३२८. पाजणं हाच इथे गुन्हा आहे. पुढे अत्याचार झाला नाही, चोरी झाली नाही, मैत्रिणींनी वेळेत उचललं, तरी गुन्हा घडलेलाच असतो. "काही झालं नाही ना, मग सोडा" असं ठाण्यात कुणी म्हणालं तर हे कलम नंबरासकट सांगा.

"दुखापत" या शब्दात कायद्याने शारीरिक वेदना, आजार आणि दौर्बल्य तिन्ही धरलेत. त्यामुळे सोडाबॉटल यांच्या त्या "गंमत" करणाऱ्या साठवाल्यानेही फार निर्धास्त राहू नये. हेतू सिद्ध करायला झगडावं लागेल, पण "मजा केली" हा बचाव समजतात तितका मजबूत नाही.

बलात्काराची व्याख्या करणाऱ्या कलम ६३ मध्ये हेही आहे की नशेमुळे किंवा पाजलेल्या पदार्थामुळे स्त्रीला आपण कशाला होकार देतोय हेच कळत नसेल, तर तो होकार होकार धरला जात नाही. ती स्वतःच्या मर्जीने दारू प्यायली होती, याने यात फरक पडत नाही.

कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते, हद्द बघायची गरज नाही, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. पार्टी लोअर परळला, जाग आली डोंबिवलीत, तर डोंबिवलीत द्या, ते पुढे पाठवतील.

मीठभाकर

वकीलसाहेब, एक भाबडी शंका. दारूचा परवाना नसतो बहुतेकांकडे. पंचविशीच्या आतल्या पोरी तर हमखास गप्प बसतात, पोलीस आपल्यालाच धरतील म्हणून.

कोर्टकचेरी

भाबडी नाही, हीच खरी शंका आहे. आपल्या राज्यात परवान्याशिवाय पिणं कागदावर गुन्हा आहे, आणि हार्ड लिकरला वयाची अट पंचवीस. एक दिवसाचा परवाना बारमध्येच किरकोळ पैशात मिळतो, कुणी घेत नाही ते सोडा. पण त्या बाबीची भीती घालून कलम १२३ ची तक्रार नाकारता येत नाही, ती दखलपात्र आहे. माझ्या अनुभवात तरुणींना परवान्यापेक्षा घरी फोन जाईल याची धास्ती जास्त असते. सज्ञान व्यक्तीच्या तक्रारीला घरच्यांची परवानगी लागत नाही. आणि लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल तर पीडितेची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, कलम ७२.

डॉ_अनु_परळ

वकीलसाहेबांच्या मुद्द्याला जोडून. अत्याचाराचा संशय असेल तर खासगी असो वा सरकारी, प्रत्येक हॉस्पिटलने मोफत प्रथमोपचार करायलाच हवेत, "आधी पोलीस आणा" म्हणता येत नाही. एमएलसीच्या रुग्णावर तातडीचे उपचार आधी, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलंय. तपासणीला तिची संमती हवी, ती एखाद्या भागाला नाही म्हणू शकते आणि तरी उपचार मिळतात. एचआयव्ही टाळण्याची औषधं बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. अंघोळ केली, कपडे बदलले तरी या, उशीर झाला म्हणून घरी बसू नका. न धुतलेले कपडे कागदी पिशवीत आणा, प्लास्टिकमध्ये दमट होऊन खराब होतात.

पालिकेच्या काही हॉस्पिटलांत "दिलासा" केंद्रं आहेत. सुरुवात वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात झाली, 'सेहत' या संस्थेच्या सोबतीने. तिथल्या समुपदेशक बायका शांतपणे ऐकून घेतात. पोलिसांत जायचं की नाही हे ठरलेलं नसलं तरी जाता येतं.

वरळीची_पोर

बार-बार चाललंय, मी घरचं सांगते. आमच्याकडे हळदीची रात्र म्हणजे डीजे, बियरचे क्रेट आणि सगळं गाव. दोन वर्षांपूर्वी चुलत बहिणीच्या हळदीला कुणीतरी एका सोळा वर्षांच्या पोराच्या थम्सअपमध्ये रम ओतली. ओतणारे त्याचेच मावसभाऊ. पोरगा ओकून ओकून निळा पडायला आला. सगळे हसत होते, व्हिडिओ काढत होते. माझ्या आत्याने एकेकाच्या हातातला फोन काढून घेतला आणि पोराला गाडीत घातलं.

होळीला सोसायटीतली थंडाई तीच गत. "भांग नाहीये हो काकू, घ्या." भांग पोटातून चढायला तास-दोन तास लागतात, काकूंना काही वाटत नाही म्हणून दुसरा ग्लास घेतात, मग संध्याकाळी धडधड, घाबरगुंडी, "मी मरतेय." बीपीची गोळी घेणाऱ्या बाईला असं फसवून पाजायचं आणि वर्षभर तो किस्सा सांगून हसायचं. यात बार नाही, रात्र नाही, तोकडे कपडे नाहीत. काका, इथे कुठे "जाऊच नये" म्हणायचं?

ठाणेकर_१९५२

थंडाईचा प्रकार आमच्या संकुलात प्रत्यक्ष झाला आहे. माझ्याच पत्नीच्या बाबतीत. त्या वेळी मीही त्याला चेष्टाच समजलो होतो. आपला मुद्दा पोचला.

चहाटळ

काका _/\_

निनावी_अंधेरी

पुरुषांचंही लिहू का? माझ्या मित्राची गोष्ट. डेटिंग अॅपवर ओळख, अंधेरीत भेट, मग "घरीच बसू." एक ड्रिंक. जाग आली दुपारी. घड्याळ, रोख गेलं, आणि त्याच्याच बोटाने फोन उघडून खात्यातून पैसे वळवलेले. समोरचाही पुरुषच होता, त्यामुळे तक्रार म्हणजे घरी सगळं सांगणं आलं. तो गेला नाही ठाण्यात. निदान १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, लगेच फोन केला असता तर पैसे कदाचित पुढच्या खात्यात अडले असते.

कोर्टकचेरी

कलम १२३ मध्ये स्त्री-पुरुष असा भेद नाही, "कोणतीही व्यक्ती" असंच आहे. आणि पुरुषाला भेटायला गेला होता हा आता गुन्हा नाही, २०१८ पासून. कुणी धमकावत असेल तर ती खंडणी, तेही जोडता येतं. मित्राला मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा.

मीठभाकर

ते ग्लासवर लावायचं झाकण, पट्ट्या, रंग बदलणारं नेलपॉलिश, ऑनलाइन दिसतात. घ्यावं का?

डॉ_अनु_परळ

पट्टी एक-दोन औषधं ओळखते, तीही बेभरवशाची. जास्तीची दारू तर ओळखतच नाही, आणि सोडाबॉटल म्हणतात तसं जास्त तेच असतं. पट्टी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त झालेली मुलगी मला जास्त काळजीत टाकते. रोहिप्नॉल या झोपेच्या गोळीच्या मूळ कंपनीने ती पेयात निळी उतरेल अशी बदलली होती, पण दुसऱ्यांच्या गोळ्यांना आणि गडद रंगाच्या कोलाला त्याचं काय?

सोडाबॉटल

झाकण लावून नाचायला गेलं तर झाकण काढायला कितीसा वेळ लागतो. नाचून आल्यावर जुना ग्लास सोडून द्या, नवीन घ्या. महाग पडतं, माहितीये.

रेवा_माहीम

सगळ्यांचं वाचून ग्रुपसाठी हे लिहिलंय, बघा :

"आपल्यापैकी कुणी प्यायलेल्या मानाने अचानक जास्तच ढेपाळलं, तर 'जास्त झाली' म्हणायचं नाही. एकाने तिच्या/त्याच्या जवळून हलायचं नाही. दुसऱ्याने ग्लास ताब्यात घ्यायचा आणि बिल मागायचं. ओळख नसलेल्या कुणाच्याही सोबत पाठवायचं नाही, एकट्याने कॅबमध्येही नाही. हॉस्पिटलात 'न विचारता पाजल्याचा संशय' हे शब्द बोलायचे, एमएलसी, पहिली लघवी. पोलीस ११२, महिलांसाठी १०३. दुसऱ्याच्या ग्लासात गंमत म्हणूनही काही ओतणाऱ्याला पुढच्या पार्टीचं आमंत्रण नाही."

शेवटच्या ओळीवर एचआरने आक्षेप घेतलाय, म्हणे सूर कडक आहे.

वरळीची_पोर

तीच ठेव. बाकीची काढली तरी चालेल.

कोर्टकचेरी

"आमंत्रण नाही" च्या जागी "कंपनीच्या शिस्तभंगाच्या नियमांखाली कारवाई" टाका, एचआर खूश होईल आणि धाकही वाढेल. आणि "ग्लास ताब्यात घ्यायचा" यापुढे "ओतू नका, धुऊ नका, शक्य तर झाकून पोलिसांच्याच हातात द्या" जोडा.

रेवा_माहीम

जोडलं. मैत्रिणीलाही धागा वाचायला दिलाय. तक्रार करायची का हे तिचं अजून ठरत नाहीये, पण बिल तिच्या फोनमध्ये सापडलं. तिच्या नावावर दोन बियर आणि त्याच टेबल नंबरवर, आमच्यापैकी कुणीच न मागवलेला, व्होडकाचा एक लार्ज.

सोडाबॉटल

त्या लार्जची वेळ बघा. आणि मॅनेजरकडून त्या बीओटीची कॉपी लेखी मागा, त्यावर ऑर्डर घेणाऱ्या वेटरचा नंबर असतो. वेटरला आठवत असेल कुणी सांगितला ते. महिना झालाय, उद्याच जा.